दूध-पोळीवरचे पिल्लू : प्रस्तावना

घरात नव्याने आणलेल्या कुत्र्याच्या पिल्लाला काय खाऊ घालावे, या प्रश्नाला महाराष्ट्रातील बहुतेक घरांत एक तयार उत्तर असते, आणि ते म्हणजे दुधात कुस्करलेली पोळी. पोळीच्या जागी कोठे भाकरी येते, कोठे पाव, कोठे मऊ भात; परंतु धान्य आणि दूध ही जोडी सहसा मोडत नाही. हे उत्तर इतके सर्वमान्य आहे की मुळात असा काही प्रश्न होता हेच पिल्लू आणणाऱ्याच्या ध्यानात येत नाही, आणि येते तेव्हा बहुधा पिल्लाला जुलाब लागलेले असतात किंवा चौथ्या महिन्यात त्याचे पुढचे पाय बाहेरच्या अंगाला वाकू लागलेले असतात. प्रस्तुत पुस्तकाचा विषय आईपासून वेगळे झालेल्या पिल्लाच्या सहाव्या आठवड्यापासून सहाव्या महिन्यापर्यंतचा आहार हा आहे; आणि हा काळ आखूड असला तरी कुत्र्याची हाडे, दात आणि पचनसंस्था यांची घडण बव्हंशी याच काळात होत असल्यामुळे त्याचा स्वतंत्र विचार होणे आवश्यक आहे.

दूध-पोळीच्या समर्थनार्थ नेहमी दिला जाणारा दाखला असा की, गावची कुत्री पिढ्यान्‌पिढ्या यावरच जगत आली. दाखला खोटा नाही, पण अपुरा आहे. गृहस्थाच्या अन्नात कुत्र्याचा वाटा असावा ही रीत जुनी असून श्राद्धाच्या बलीत कावळा आणि गाय यांच्याबरोबर कुत्र्याचेही पान असते. मात्र तो वाटा म्हणूनच दिला जात असे, त्यावर कुत्र्याचे पोट भरावे अशी कोणाची अपेक्षा नव्हती. मोकळे फिरणारे गावठी कुत्रे उरलेल्या भाकरीखेरीज उंदीर-घुशी, खाटकाच्या दुकानामागची आतडी, व्यालेल्या जनावराची वार, मेलेली कोंबडी आणि उकिरड्यावरची न सांगण्याजोगी पुष्कळ सामग्री खात असे, आणि भाकरीत जे नव्हते ते त्याला तेथून मिळत असे. धनगरांच्या वाड्यावर भाकरीवर वाढणाऱ्या कुत्र्यांनाही ही मोकळीक असतेच. शिवाय भाकरीवर दूध पडलेच, तर ते मेंढीचे, म्हणजे गाईच्या दुधापेक्षा प्रथिने आणि स्निग्धांश या दोन्हींत कितीतरी सरस असते. पुण्या-मुंबईतील चौथ्या मजल्यावरच्या सदनिकेत आलेल्या पिल्लाकडे दूध-पोळी तेवढी पोहोचली, तिच्या भोवतीचा हा सारा पसारा मागे राहिला, आणि जो आहाराचा एक भाग होता तोच संपूर्ण आहार होऊन बसला.

त्या दाखल्याची दुसरी उणीव अधिक कठोर आहे. जगली त्यांचीच आठवण राहते. कोलकात्याच्या भारतीय विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्थेतील अनिंदिता भद्रा व त्यांच्या सहकाऱ्यांनी रस्त्यावरच्या कुत्र्यांच्या ९५ वेतांतील ३६४ पिल्लांचा मागोवा घेतला, तेव्हा सातव्या महिन्यापर्यंत त्यांतील अवघी १९ टक्के जिवंत राहिल्याचे आढळले. हा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. या मृत्यूंना वाहने, रोग, माणसांचा उपद्रव अशी अनेक कारणे होती आणि त्यांचे खापर केवळ आहारावर फोडणे चुकीचे ठरेल. तरीही ज्या परिस्थितीत पाचांपैकी चार पिल्ले मरतात, त्या परिस्थितीतील आहार हा घरच्या पिल्लासाठी प्रमाण मानता येत नाही, एवढे त्यावरून निश्चित म्हणता येते.

पिल्लाला काय लागते याचा सर्वांत विश्वासार्ह पुरावा त्याच्या आईचे दूध हा आहे. कुत्रीच्या दुधात साधारण ७ ते ८ टक्के प्रथिने, सुमारे ९ टक्के स्निग्धांश आणि साडेतीन टक्क्यांच्या आसपास दुग्धशर्करा असते, तर गाईच्या दुधात प्रथिने सव्वातीन, स्निग्धांश चारच्या आतबाहेर आणि दुग्धशर्करा पावणेपाच टक्के इतकी असते. म्हणजे पिल्लाला जे जास्त हवे ते गाईच्या दुधात निम्म्याहून कमी, आणि जे कमी हवे ते जास्त. म्हशीच्या दुधाने स्निग्धांशाची तूट बरीचशी भरून निघते, पण प्रथिनांची निघत नाही, आणि शर्करेचे प्रमाण तर चढेच राहते. दुग्धशर्करा म्हणजे लॅक्टोज. ती पचवण्यासाठी आतड्यात लॅक्टेज नावाचे विकर, म्हणजे अन्नाचे विघटन करणारे द्रव्य, असावे लागते. पिल्लू तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून घट्ट अन्नाकडे वळू लागते आणि सातव्या-आठव्या आठवड्यापर्यंत दूध तुटते, त्या सुमारास हे विकर ओसरू लागते. न पचलेली शर्करा मोठ्या आतड्यात पाणी ओढून घेते, तेथील जिवाणू ती आंबवतात, आणि पोट फुगणे व पातळ शी होणे हे त्याचे दृश्य परिणाम होत. दुधात पाणी घालून ते ‘हलके’ करण्याची पद्धत सर्वत्र रूढ आहे. तिने वाटीतील शर्करा काहीशी विरळ होते हे खरे, पण आधीच अपुरी असलेली प्रथिनेही त्याच प्रमाणात विरळ होतात, याकडे लक्ष जात नाही. दही व ताक यांतील शर्करा विरजणाने काही अंशी खर्ची पडलेली असल्यामुळे, आणि पनीरमधील बरीचशी पाण्याबरोबर निघून गेलेली असल्यामुळे, हे पदार्थ पुष्कळ पिल्लांना सोसतात.

पोळीबाबत मात्र अलीकडे उलट दिशेने अतिरेक होताना दिसतो. कुत्रा हा लांडग्याचा वंशज असल्याने धान्य त्याला वर्ज्यच, असे मत हिरिरीने मांडले जाते आणि धान्यविरहित खाद्यांच्या जाहिराती त्याला खतपाणी घालतात. २०१३ मध्ये स्वीडनमधील उप्साला येथील संशोधकांनी कुत्रा आणि लांडगा यांच्या जनुकसंचांची तुलना केली, तेव्हा पिष्टमय पदार्थ पचवणारे अमायलेज हे विकर तयार करणाऱ्या जनुकाच्या लांडग्यात दोनच प्रती, तर कुत्र्यात ४ पासून ३० पर्यंत प्रती असल्याचे दिसून आले. माणसाच्या शेतीबरोबर आणि खरकट्याबरोबर कुत्र्याचे शरीरही बदलत गेले, याचा हा जनुकीय दाखला आहे. तेव्हा शिजवलेला भात किंवा भाजलेली पोळी पिल्लाला पचते. प्रश्न ती पचते की नाही हा नसून तिने पोट भरल्यावर उरलेल्या गोष्टींसाठी जागा राहते का, हा आहे.

या प्रश्नाचे उत्तर शंभर वर्षांपूर्वीच मिळालेले आहे, आणि ते ज्या प्रयोगांतून मिळाले ते पिल्लांवरच झाले होते. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास इंग्लंडमधील कामगारवस्त्यांतील मुलांना मुडदूस, म्हणजे हाडे मऊ पडून वाकण्याचा विकार, मोठ्या प्रमाणावर होत असे. त्याचे कारण शोधण्याचे काम एडवर्ड मेलनबी या शरीरक्रियाशास्त्रज्ञाकडे आले. त्यांनी लंडनमध्ये कुत्र्याची पिल्ले घरात बंदिस्त ठेवून त्यांना मोजके दूध आणि त्याबरोबर ओटची पेज किंवा पाव असा आहार दिला. काही आठवड्यांतच पिल्लांचे पाय वाकले, सांधे सुजले, आणि त्याच पिल्लांना कॉडमाशाच्या यकृताचे तेल दिल्यावर हाडे सुधारली. १९१९ मध्ये प्रसिद्ध झालेले हे निष्कर्ष मानवी आहारशास्त्रात मैलाचा दगड मानले जातात. १९२२ मध्ये अमेरिकेतील एल्मर मॅकॉलम यांनी तेलातील हा गुणकारी घटक ‘अ’ जीवनसत्त्वाहून वेगळा असल्याचे दाखवले आणि पुढे तो ‘ड’ जीवनसत्त्व म्हणून ओळखला जाऊ लागला. पिल्लांच्या दातांवर झालेल्या परिणामांचा अभ्यास मेलनबी यांच्या पत्नी मे मेलनबी यांनी केला, आणि तोही तितकाच मोलाचा आहे. मुलांच्या आहारासाठी या प्रयोगांचा बोध जगाने घेतला. ज्या प्राण्यावर ते झाले त्याच्या वाटीत मात्र बंद घर, मोजके दूध आणि धान्य हा जवळजवळ तोच आहार अनेक घरांत आजही पडतो, ही विसंगती नोंदवण्याजोगी आहे.

मेलनबी यांच्या कामाचे दोन पुढचे धागे येथे उपयोगी पडतात. धान्याच्या कोंड्यात फायटिक आम्ल असते, ते कॅल्शियमला बांधून ठेवते आणि आतड्यातून शोषले जाऊ देत नाही, हे पुढे त्यांनीच दाखवले. त्यामुळे कोंड्यासकट दळलेल्या कणकेची पोळी मैद्याच्या पावापेक्षा माणसाच्या दृष्टीने श्रेष्ठ असली तरी पिल्लाच्या हाडांच्या दृष्टीने तिचे श्रेष्ठत्व निर्विवाद नाही. दुसरा धागा उन्हाचा. पिल्लाला सकाळच्या कोवळ्या उन्हात बसवले की ‘ड’ जीवनसत्त्व मिळते, असा समज घराघरांत, किंबहुना काही जाणत्या मंडळींतही आढळतो. माणसाच्या कातडीत ऊन पडल्यावर ज्या द्रव्यापासून हे जीवनसत्त्व बनते, ते कुत्र्याच्या कातडीत पुरेसे नसते, हे नेदरलँडमधील युट्रेख्ट विद्यापीठाच्या संशोधकांनी १९९४ मध्ये सिद्ध केले. उन्हाचे अन्य लाभ असतील, पण ‘ड’ जीवनसत्त्व कुत्र्याला अन्नातूनच, म्हणजे मासे, अंड्याचा बलक, यकृत किंवा ते मिसळलेले तयार खाद्य यांतूनच मिळवावे लागते.

हिशेब मांडून पाहिल्यास तूट किती मोठी आहे हे स्पष्ट होते. पिल्लाची ऊर्जेची गरज काढताना पशुवैद्यक त्याच्या किलोग्रॅममधील वजनाचा ०.७५ हा घात घेऊन त्याला ७० ने गुणतात, म्हणजे निश्चल अवस्थेतील गरज मिळते, आणि चार महिन्यांच्या आतील पिल्लासाठी तिची तिप्पट, त्यानंतर दुप्पट धरतात. ३ किलो वजनाच्या दोन-अडीच महिन्यांच्या पिल्लाला या हिशेबाने दिवसाला सुमारे ४८० किलोकॅलरी लागतात. गाईचे ४०० मिलीलिटर दूध आणि प्रत्येकी ३० ग्रॅम कणकेच्या दोन पोळ्या दिल्या तर ऊर्जा जवळपास भरते. परंतु अमेरिकेतील पशुखाद्य-नियंत्रक अधिकाऱ्यांच्या संघटनेने वाढत्या पिल्लांसाठी ठरवलेल्या किमान निकषांप्रमाणे दर १,००० किलोकॅलरीमागे ५६ ग्रॅम प्रथिने आणि ३ ग्रॅम कॅल्शियम हवे; म्हणजे या पिल्लाला २७ ग्रॅम प्रथिने आणि जवळपास दीड ग्रॅम कॅल्शियम हवे असताना दूध-पोळीतून प्रथिने २० ग्रॅम आणि कॅल्शियम अवघे अर्धा ग्रॅम मिळते. ज्या दुधाची ख्याती मुळात कॅल्शियमसाठी आहे, त्याने गरजेचा तिसरा हिस्सा भागतो, आणि तोही पिल्लू रोज ४०० मिलीलिटर दूध पचवू शकले तर. लोहाच्या बाबतीत दूध त्याहूनही दरिद्री आहे.

सामिष घरांत याच्या उलट आहार असतो, पण चूक तीच होते. तेथे पिल्लाला चिकन-भात मिळतो. प्रथिनांची वाण राहत नाही, केस चकाकतात, वजन झपाट्याने वाढते, आणि मालक समाधानी असतो. हाडाविना मांसाच्या १०० ग्रॅममध्ये फॉस्फरस सुमारे २०० मिलिग्रॅम, तर कॅल्शियम जेमतेम १०-१५ मिलिग्रॅम असते. या दोहोंचे प्रमाण पिल्लाच्या अन्नात एकास एक ते दोनास एक, कॅल्शियमच्या बाजूने, असावे लागते; येथे ते पंधरापटीने उलटे होते. रक्तातील कॅल्शियम घसरू लागले की मानेतील परावटू ग्रंथी ते हाडांतून काढून रक्तात आणतात, हाडे आतून पोकळ होत जातात, आणि सोफ्यावरून मारलेल्या साध्या उडीनेही पायाचे हाड मोडते. अशी पिल्ले बहुधा गुबगुबीत असल्यामुळे ती कुपोषित आहेत यावर मालकाचा विश्वास बसत नाही. मांस कोंबडीचे असो वा बोकडाचे, त्याबरोबर कॅल्शियमचा स्रोत जोडलाच पाहिजे. अंड्याच्या कवचाची उकळून, वाळवून केलेली बारीक पूड हा घरगुती स्रोत असून तिच्या एका ग्रॅममध्ये ३८० मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते. शिजवलेली हाडे हा स्रोत नव्हे, कारण शिजल्यावर ती ठिसूळ होतात आणि त्यांच्या अणकुचीदार कपच्या घशात किंवा आतड्यात रुततात.

कॅल्शियमचे नाव निघताच औषधाच्या दुकानातून गोड पातळ औषधाची बाटली आणण्याचा मोह होतो, आणि तो आवरण्याचे कारणही तितकेच भक्कम आहे. प्रौढ कुत्रा नको असलेले कॅल्शियम शोषणे कमी करतो. सहा महिन्यांच्या आतील पिल्लाला हे नियंत्रण पुरतेपणी साधत नाही आणि आतड्यात येईल त्याचा मोठा हिस्सा शरीरात शिरतो. युट्रेख्ट येथेच हेझविंकेल यांनी १९८० च्या दशकात ग्रेट डेन जातीच्या पिल्लांना जादा कॅल्शियम देऊन पाहिले, तेव्हा कूर्चेचे हाडात रूपांतर होण्याची क्रिया बिघडून सांधे व हाडे विकृत झाली. त्यामुळेच ज्यांचे प्रौढ वजन ३२ किलोच्या वर जाते अशा जातींच्या पिल्लांसाठी खाद्याच्या शुष्क भागात कॅल्शियम १.८ टक्क्यांहून अधिक नसावे, अशी वरची मर्यादाही निकषांत घातली गेली आहे. संतुलित तयार खाद्य खाणाऱ्या लॅब्रॅडॉर किंवा जर्मन शेफर्डच्या पिल्लाला वरून कॅल्शियमची बाटली पाजणे, हा प्रेमापोटी केला जाणारा अपाय आहे.

तयार खाद्याबद्दल या पुस्तकात ना भक्तिभाव आहे ना तिटकारा. जेम्स स्प्रॅट या अमेरिकी माणसाने १८६० च्या दशकात लंडनमध्ये कुत्र्यांची बिस्किटे विकण्यास प्रारंभ केल्यापासून हा धंदा जाहिरातीवर वाढला हे खरे. पण ज्या घराला रोजचा हिशेब मांडणे शक्य नाही, त्या घरातील पिल्लासाठी वाढीच्या वयाला पुरे आणि संतुलित असल्याची स्पष्ट नोंद असलेले कोरडे खाद्य, कोमट पाण्यात भिजवून, हाच सर्वांत सुरक्षित मार्ग ठरतो. पिशवीवरच्या चित्राकडे न पाहता ही नोंद वाचावी, कारण प्रौढ कुत्र्यांसाठीचे खाद्य स्वस्त पडते म्हणून पिल्लाला घालण्याची प्रथा सर्रास आहे. शाकाहारी घरांपुढचा पेच खरा आहे, पण सुटण्यासारखा आहे. मांजराला टॉरिन हे द्रव्य प्राणिज अन्नातूनच मिळवावे लागते, कुत्रा ते इतर अमिनो आम्लांपासून स्वतःच्या शरीरात बनवू शकतो, आणि म्हणून काळजीपूर्वक जुळवलेल्या निरामिष आहारावर प्रौढ कुत्रा नीट राहतो. वाढत्या पिल्लाच्या बाबतीत मात्र चुकीला जागा फार थोडी असते. घरात निदान अंडे चालत असेल तर अर्धा पेच तेथेच सुटतो, आणि चालत नसेल तर पनीर, सोयाबीन व डाळ यांच्या जोडीला जीवनसत्त्वे-खनिजांचे मिश्रण किती घालायचे, हे पशुवैद्यकाकडून ठरवून घेण्यास पर्याय नाही.

प्रमाणाविषयी एक दीर्घ अभ्यास मार्गदर्शक आहे. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ४८ लॅब्रॅडॉर पिल्लांच्या जोड्या लावून, आठव्या आठवड्यापासून प्रत्येक जोडीतील एकाला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी अन्न आयुष्यभर देण्यात आले. कमी खाणाऱ्या गटाचे मध्यक आयुर्मान १३ वर्षे, तर दुसऱ्याचे ११.२ वर्षे भरले, आणि नितंबाच्या सांध्याचे दोषही पहिल्या गटात कमी आढळले. गोलमटोल पिल्लू पाहून घरी येणारा प्रत्येक जण कौतुक करतो, ही अडचण कोणत्याही तक्त्याने दूर होणारी नाही. फासळ्या दिसू नयेत, पण हात फिरवताच बोटांना लागाव्यात, आणि वरून पाहता कंबर आत गेलेली दिसावी, ही कसोटी वाटी मोजण्यापेक्षा अधिक भरवशाची आहे.

पिल्लू घरी आल्यानंतरच्या पहिल्या आठवड्याचे नियम वेगळे आहेत आणि ते समजून न घेता उत्तमोत्तम आहारही अंगी लागत नाही. २०१७ च्या श्वान प्रजनन व विक्रीविषयक नियमांनुसार आठ आठवड्यांच्या आतील पिल्लाची विक्री करता येत नाही. प्रत्यक्षात चार-पाच आठवड्यांची पिल्लेही घरी येतात, आणि रस्त्यावर सापडलेल्या पोरक्या पिल्लाच्या बाबतीत तर निवडीचा प्रश्नच नसतो. चार आठवड्यांच्या आतील पिल्लाला कुत्र्यांसाठीची दूधपावडरच द्यावी लागते. मोठे पिल्लू जेथून आणले तेथे ते जे खात होते, मग ते दूध-पोळी का असेना, तेच पहिले तीन-चार दिवस चालू ठेवून नवे अन्न आठवडा-दहा दिवसांत थोडेथोडे वाढवावे. तीन महिन्यांपर्यंत दिवसातून चार वेळा, सहा महिन्यांपर्यंत तीन वेळा, पुढे दोन वेळा हा क्रम सर्वसाधारणपणे योग्य. पॉमेरेनियनसारख्या लहान चणीच्या जातींत मात्र दोन खाण्यांतील अंतर लांबल्यास रक्तातील साखर उतरून पिल्लू थरथरते, लटपटते, क्वचित बेशुद्धही पडते. पाणी सदैव पुढे असावे.

मराठी स्वयंपाकघरातील काही जिन्नस पिल्लाला विषवत आहेत आणि त्यांची व्याप्ती अपेक्षेहून मोठी आहे. कांदा आणि लसूण यांनी तांबड्या रक्तपेशी फुटतात. त्यामुळे ‘नुसता रस्सा’ हा सौम्य पदार्थ मुळीच नव्हे. द्राक्षे, आणि त्यापेक्षाही बेदाणे व मनुका, यांनी मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात, तेव्हा प्रसादाच्या शिऱ्यातला वाटा, बेदाणा तासगावचा उत्तमातला असला तरी, पिल्लाला देऊ नये. चॉकलेटमधील थिओब्रोमिन हृदयावर आणि चेतासंस्थेवर आघात करते, आणि साखरविरहित च्युइंगममधील झायलिटॉलने रक्तातील साखर काही मिनिटांत कोसळते.

शेवटी एका गफलतीकडे लक्ष वेधले पाहिजे, कारण तिच्यापायी आहाराची चर्चाच कधीकधी गैरलागू ठरते. गोल जंत आईच्या पोटातच वारेमार्गे पिल्लात शिरतात आणि अंकुशकृमी तिच्या दुधातून येतात. घडाभर पोट, काटकुळे अंग आणि न संपणारी भूक असलेले पिल्लू उपाशी समजून त्याला अधिक खाऊ घातले जाते, प्रत्यक्षात दिलेले अन्न आणि रक्त जंतांच्या वाट्याला जात असते. म्हणून जंतनाशक दुसऱ्या आठवड्यापासून दर पंधरा दिवसांनी आठव्या आठवड्यापर्यंत आणि पुढे सहा महिन्यांपर्यंत दरमहा देण्याचा प्रघात आहे. त्याचप्रमाणे उलट्या, मरगळ आणि रक्ताळ, उग्र वासाचे जुलाब ही लक्षणे पार्व्हो या १९७८ मध्ये प्रथम जगासमोर आलेल्या विषाणूची असू शकतात. अशा वेळी अन्न बदलून पाहण्यात, ताक-भात देण्यात किंवा एक दिवस वाट पाहण्यात जे तास जातात ते पिल्लाकडे नसतात, आणि पुढील प्रकरणांतील एकही तक्ता अशा पिल्लाला लागू करण्यासाठी दिलेला नाही.